गेटवरचे हात

"हात खाली करा! अहो, हात खाली करा म्हणतेय ना! काय तमाशा लावलाय हा?"

मॅडम ओरडत होत्या आणि मी शाळेच्या गेटमध्ये उभा होतो. पाय फाकवलेले. दोन्ही हात आभाळात. तोंड सरळ, नजर कुठेच नाही. कंपनीत उभं राहतात तसा.

समोर शाळेचा वॉचमन होता. त्याच्या हातात ते काळं दांडकं, अंगावरून फिरवलं की टूं टूं वाजणारं. मुलांचे मोबाइल पकडायला ठेवलेलं. त्यानं मला हात लावला नव्हता. थांबसुद्धा म्हणाला नव्हता. गेट दिसलं, वर्दी दिसली, दांडकं दिसलं आणि माझे हात मला न विचारता वर गेले.

मागे रांगेत चारशे पालक होते. सगळे हसले. असे हसले की दमणगंगेच्या पुलावर बसलेले पक्षी उडून थेट दादरा गावात जाऊन बसले. रोहीची आई म्हणते, चाळीस माणसं होती. असतील. ज्याला हसतात त्याला मोजणं जमत नाही.

"इथे कुणी चोर नाही," मॅडम म्हणाल्या. "ही शाळा आहे."

"सवय आहे मॅडम," मी म्हणालो.

"कसली सवय?"

उत्तर मागून आलं. आवाज ओळखीचा. आमच्या कंपनीचे मॅनेजरसाहेब, मुलाला घेऊन आले होते. "हमारा आदमी है, मॅडम. रोज़ चेकिंग होती है ना. आदत डाल दी है हमने."

परत हशा. आदत डाल दी है. घरचा कुत्रा पाहुण्यांसमोर पंजा देतो तेव्हा मालक असंच सांगतो.

माझे हात अजून वरच होते. खरं सांगतो, खाली कसे करायचे ते त्या घडीला आठवेना. कंपनीत गार्ड पाठीवर थाप मारतो, मग ते खाली येतात. इथे थाप कोण मारणार? शेवटी रोहीनं माझं मनगट धरलं. माझी तेरा वर्षांची पोर. तिनं आधी डावा हात खाली आणला, मग उजवा. झाडावरचं फळ काढावं तसा, हलकेच. आणि ती कुणाकडेही न बघता पुढे चालायला लागली.

आता हे सांगायला पाहिजे की हे हात असे आपोआप वर जायला लागले कसे.

मी सिल्वासाजवळ खडोलीला सुताच्या कंपनीत आहे. एकोणीस वर्षं. शिरपूरकडून आलो तेव्हा ओठावर मिसरूड नव्हतं. आता आहे, पण त्यातही सुताचा भुगा अडकलेला असतो. कंपनीतून बाहेर पडताना झडती. जेवायला निघताना एकदा, सुटताना एकदा. कारण म्हणे कामगार सूत चोरतात, कमरेला गुंडाळून नेतात. एक जण तर इतकं गुंडाळून निघाला होता की सकाळी गेटमधून चवळीची शेंग आत गेली आणि संध्याकाळी भोपळा बाहेर आला. तो गेटमध्ये अडकला. वेल्डर बोलवून गेट कापलं. हे मी चाळीत शंभर वेळा सांगितलंय आणि दर वेळी भोपळा थोडा वाढलाय.

मी थापाड्या आहे, लपवत नाही. ज्याच्याकडे वाढवायला दुसरं काही नसतं तो गोष्टी वाढवतो. रोहीला भागाकार मी शिकवला नाही, पण ती माझ्यामुळेच शिकली. सात वर्षांची असताना तिच्या आईनं तिला सांगून ठेवलं, "तुझ्या पप्पांनी आकडा सांगितला ना, की दहानं भागायचं." पोर भागायला लागली. मी म्हणायचो, आज पाचशे बॉबिन एका हातानं बदलले. ती भाकरी खाता खाता म्हणायची, "पन्नास." मी म्हणायचो, सुपरवायझरनं मला तीस शिव्या दिल्या. ती म्हणायची, "तीन." आणि दर वेळी खरा आकडा तोच निघायचा. असं करत करत पोर गणितात कुठल्या कुठे गेली. तिच्या मराठी शाळेतल्या मास्तरांनीच तिला त्या विज्ञान शाळेच्या परीक्षेला बसवलं. ती शाळा म्हणजे गणित, विज्ञान, प्रयोगशाळा, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, सगळं इंग्रजीत. मोजक्या मुलांना घेतात. रोही दुसरी आली.

मी चाळीत सांगितलं, पहिली आली. पहिला आलेला पोरगा कॉपी करताना सापडला. तो पोरगा बिचारा कोण, कुठला, देव जाणे.

पण खरं डोकं फिरवलं ते चिठ्ठीनं. शाळेकडून चिठ्ठी आली. त्यात लिहिलं होतं, "सदर शाळा आपल्या पाल्यास अनुकूल आहे किंवा कसे, याचा निर्णय पालकांनी समुपदेशनानंतर घ्यावा."

पालकांनी. म्हणजे मी. निर्णय. म्हणजे माझा.

आयुष्यात मला कुणी कशाबद्दल ठरवायला सांगितलं नव्हतं. शिफ्ट दुसरा ठरवतो. मशीन दुसरा ठरवतो. लघवीला कधी जायचं तेही दुसरा ठरवतो. मी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून आठवडाभर फिरलो. रोहीची आई म्हणाली, "नीट विचारून घ्या. पोरगी देऊन बसाल आणि मग बोंबलाल." आम्ही दोघांनी बसून प्रश्न काढले. अकरा प्रश्न. मशीनच्या रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर लिहिले. आजारी पडली तर रात्री तिच्याजवळ कोण बसतं? भाकरी मिळते की फक्त पाव? इंग्रजी समजलं नाही तर मराठीत विचारलेलं चालतं का? एखाद्या परीक्षेत नापास झाली तर घरी पाठवतात का? कबड्डी आहे का? मुलींच्या न्हाणीला आतून कडी आहे का? असे. मला आजही वाटतं, त्या गेटवर आलेल्या कुठल्याही साहेबाकडे इतके चांगले प्रश्न नव्हते.

ती यादी खिशात होती तेव्हाच माझे हात वर गेले.

आत बोलावलं. टेबलामागे त्याच मॅडम. मुंबईच्या. मराठी. सिल्वासात मराठी बोलणारं माणूस भेटलं की मला हायसं वाटतं. अर्धा दिवस हिंदीत जातो, उरलेला गुजरातीत. म्हटलं, चला, आपलं माणूस आहे.

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा."

हे अच्छा मी जन्मल्यापासून ऐकतोय. त्या एका अच्छामध्ये माझ्या आज्याच्या झोपडीपर्यंतचा सगळा पत्ता असतो. पेन जरा थांबलं, मग पुन्हा चालायला लागलं.

"घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे?"

"दोन आहेत," मी म्हणालो. "एक सकाळची, एक संध्याकाळची." हे खोटं नव्हतं. सकाळी ती माळ्यावर बसते, संध्याकाळी बाहेरच्या पायरीवर.

"संगणक?"

"कंपनीत आहे."

"घरात इंग्रजी कोण बोलतं?"

"घरात कुणी नाही. माझं मशीन बोलतं. स्टॉप, स्टार्ट, डेंजर."

रोही हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, स्पष्ट बोलते. मुलगी हुशार आहे. कुणी नाही म्हणत नाही. पण इथली मुलं वेगळ्या घरांतून येतात. लहानपणापासून त्यांना सवय असते. हिचा इथे जीव गुदमरेल. अशी मुलं दिवाळीपर्यंत रडत परत जातात, मग घरचीही राहत नाहीत आणि इथलीही. तिच्या भल्यासाठी सांगतेय. तिला आहे तिथेच राहू द्या. पुढे काहीतरी छोटा कोर्स करेल, लवकर कमवायला लागेल."

यातलं निम्मं खरं होतं, आणि तेच जास्त लागलं. पार खोटं असतं तर मी त्याहून मोठी थाप मारून जिंकलो असतो.

मग त्यांनी एक कागद सरकवला. बोटाचं नख एका जागेवर टेकवलं. "इथे सही."

आता आमची दुसरी सवय ऐका. कंपनीत कागद वाचायचा नसतो. हजेरीचा असो, सेफ्टीचा असो, बोट मशीनमध्ये गेलं तर चूक माझी, असा असो. साहेब बोटानं जागा दाखवतो, तिथे सही करायची. मी एकोणीस वर्षांत लाखभर सह्या केल्या असतील आणि एकही कागद वाचला नसेल. पेन हातात आलं, नख दिसलं, मी लिहायला लागलो. नावाचं पहिलं अक्षर लिहून झालं.

रोही टेबलाच्या बाजूला उभी होती. कागद तिला आडवा दिसत होता. तिनं तो तसाच वाचला.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही लिहून देताय की ही शाळा मला अनुकूल नाही. आणि तुम्ही राजीखुशीनं जागा सोडताय."

पेन थांबलं.

म्हणजे निर्णय माझा होता. फक्त तो आधीच टाइप झाला होता.

बाहेर भिंतीवर यादी लावलेली होती. जागा सुटली तर पहिला नंबर कुणाचा, तेही त्यात होतं. मॅनेजरसाहेबांच्या मुलाचा होता. मी काही म्हणत नाही. यादी भिंतीवर होती, एवढंच सांगतो.

मी पेन खाली ठेवलं. खिशातून माझा कागद काढला. "माझे अकरा प्रश्न आहेत."

"वेळ संपलीय काका. बाहेर किती लोक थांबलेत बघा."

"मग पहिला तरी. आजारी पडली तर रात्री तिच्याजवळ कोण बसतं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात त्यांना असं कुणी विचारलं नसावं. "त्याचे नियम असतात," त्या म्हणाल्या.

"नियम बसतात का जवळ?"

"तुम्ही सही करताय की नाही?"

"नाही."

माझ्या नावाचं पहिलं अक्षर अजून त्या फाइलीत असेल. एकटंच. बाकीचं नाव मी घरी घेऊन आलो.

परीक्षेत दुसरी आलेल्या पोरीला बापाच्या सहीशिवाय काढता येत नव्हतं. प्रवेश झाला. मला वाटलं, जिंकलो. हे वाटणं गेटपासून रिक्षापर्यंत टिकलं. रिक्षात रोहीची आई म्हणाली, "आता ते राग तिच्यावर काढतील." मी म्हणालो, "काही नाही, माझी पोरगी एका महिन्यात त्यांना शिकवायला लागेल." तिच्या आईला दहानं भागायचीही गरज वाटली नाही.

महिन्यातून एक रविवार भेट. पहिल्या रविवारी रोहीनं वही दाखवली. वहीला पिवळं कव्हर. बाकीच्यांना निळं. पिवळं म्हणजे ज्यांना जड जाणार आहे ती मुलं. मी विचारलं, "कुठल्या परीक्षेत मार्क कमी पडले?"

"परीक्षा अजून झालीच नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच कव्हरं वाटली."

आठ मुलं होती पिवळी. खेरडीकडच्या शेतावरची दोन, बाकीची आमच्यासारख्या चाळींतली. ती मागे बसतात. प्रयोगाला निळी मुलं हात लावतात, पिवळी बघतात आणि नंतर प्रयोगाची भांडी धुतात. शिकवायला म्हणे वेळ कमी पडतो.

दुसऱ्या रविवारी मी तिला कंपनीतली मोठी गोष्ट सांगितली. एका मशीनमधून इतकं सूत निघालं की खडोलीपासून चंद्रापर्यंत जाऊन परत आलं आणि वर उरलं त्याचा सुपरवायझरनं पट्टा केला. ती ऐकत राहिली. हं म्हणाली. भागाकार केला नाही.

मी घाबरलो ते तेव्हा.

तिसऱ्या रविवारी आम्ही भेटीच्या ओट्यावर डबा घेऊन बसलो होतो. होस्टेलच्या दारातून ती आली. दारात एक बाई होती, वर्दीतली, नवीन. ती कुणाशी तरी गप्पा मारत होती. रोहीकडे तिचं लक्षही नव्हतं.

रोही दारात थांबली. पाय फाकवले. दोन्ही हात वर केले. तोंड सरळ. नजर कुठेच नाही.

मी पळालो. एकोणीस वर्षांत कामगार सायरन ऐकूनही इतका पळाला नसेल. तिचं मनगट धरलं, एक हात खाली आणला, मग दुसरा. हात गार होते.

"कुणी सांगितलं वर करायला?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "सवय आहे."

प्रयोगशाळेतल्या वजनांच्या पेटीतलं एक वजन हरवलं होतं. पितळेचं, बोटाच्या पेराएवढं. पिवळ्या मुलांच्या बॅगा उलट्या केल्या, गाद्या उलट्या केल्या, मग मुलांना उभं केलं. चार दिवसांनी ते वजन काट्याच्याच खणात सापडलं. ते शाळेनं जाहीर केलं नाही. झडती मात्र चालू राहिली.

मी मॅडमना गाठलं. "माझ्या पोरीची झडती का घेतली?"

"सगळ्यांचीच घेतली."

"निळ्यांची पण?"

"ज्यांच्यावर संशय होता त्या सगळ्यांची."

त्या दिवशी मी ओरडलो नाही. लोकांना वाटतं, असा माणूस ओरडतो, टेबल उलटवतो. चाळीत मी तसंच सांगितलं. टेबल उलटवलं, खिडकीतून बाहेर फेकलं, ते वनगंगेच्या तलावात जाऊन पडलं. खरं असं की मी 'बरं' म्हणालो आणि रिकामा डबा घेऊन निघालो. रिक्षात रोहीची आई रडत होती आणि मी माझ्या हातांकडे बघत होतो. पोरीला द्यायला माझ्याकडे घर नव्हतं, जमीन नव्हती, इंग्रजी नव्हतं. हे होतं. ते मी दिलं. त्या गेटवर चाळीस माणसांसमोर तिनं माझे हात खाली ओढले, तेव्हा ते तिला चिकटले असणार.

शाळेनं तिला काय केलं ते मी ओरडून सांगू शकतो. पण तिला उभं कसं राहायचं ते माझ्याकडूनच कळलं होतं. गार्डनं न सांगता.

सोमवारी सुटताना कंपनीच्या गेटवर आलो. आमचा गार्ड बिहारचा, माझ्याच वयाचा. पोरीच्या निकालाचा पेढा त्यानं माझ्या हातून खाल्लेला.

"हाथ," तो म्हणाला.

"नहीं."

"अरे भाई, हाथ."

"खिसे बघ. डबा बघ. कमर बघ. सब देख. हाथ ऊपर नहीं होगा."

हे सांगायला सोपं आहे. हात किती जड झाले होते, कसे आतून उसळत होते, ते माझं मला माहीत. मी ते मांडीला दाबून धरले. एकोणीस वर्षांची सवय खांद्यातून वर ढकलत होती. पण हात वर गेले नाहीत.

मागे रांग अडली. या वेळी मी वळून मोजली. सत्तावन्न माणसं. दहानं भागू नका. सत्तावन्न. त्यांतल्या एकानंही हात खाली ठेवले नाहीत. उलट म्हणाले, "चल ना यार, गाडी निघून जाईल." एक जण शिवी देऊन मला ढकलून पुढे गेला आणि गार्डसमोर हात वर करून उभा राहिला. तो माझ्याच गावचा होता.

मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. "लड़की बड़े स्कूल में गयी तो बाप के पंख निकल आये?" मशीनवरून काढून मला वेस्टेजच्या गोडाऊनमध्ये टाकलं. तिथे तुटकं सूत असतं, जाळायचं नाहीतर विकायचं. पंखा नाही. संध्याकाळी सगळ्या माणसांना जाऊ देतात आणि मला शेवटी ठेवतात. मी गेटमध्ये उभा राहतो. हात खाली. गार्ड रोज एकदा "हाथ" म्हणतो, कारण त्याला म्हणावं लागतं. मी रोज "नहीं" म्हणतो. मग तो खिसे चाचपतो आणि सोडतो. कंपनी बदललेली नाही. झडती थांबलेली नाही. सत्तावन्नांतला एकही माझ्या बाजूला आलेला नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. एक दिवस ते मला कामावरूनच काढतील. पण हे हात आता वर जाणार नाहीत. कुठल्याच गेटवर. मेलो तरी. तिरडीवरसुद्धा ते बाजूला ठेवूनच बांधा, असं मी रोहीच्या आईला सांगून ठेवलंय.

चौथ्या रविवारी गेलो. वहीचं कव्हर पिवळंच होतं. रोही वाळली होती. मी तिला गोष्ट सांगितली. काही न वाढवता. एक गेट, एक गार्ड, सत्तावन्न माणसं, कुणी आलं नाही.

ती जेवता जेवता थांबली. "दहानं भागू?"

"नको. आहे तेवढंच आहे."

मी यादी काढली. रिपोर्टचा तो कागद घड्यांवर फाटला होता. अकरा प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नव्हतं. मी बारावा विचारला.

"ही शाळा तुला बरी आहे का?"

"नाही."

"मग काढू का तुला इथून? आजच. मी सही करतो."

तिनं डब्याला झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं गेट बघा. माझं मी बघते."